ए-बी-सी-डी पाठ, पण वाचता येत नाही : आवाजापासून इंग्रजी वाचन

बोरीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात संध्याकाळी पोरं घेऊन बसतो. पाचवी ते आठवीची, शाळेत 'कच्ची' ठरून मागच्या बाकावर गेलेली. मराठी अडखळत का होईना वाचतात. इंग्रजीचं पुस्तक उघडलं की सगळे गप्प. बरं, ए-बी-सी-डी पाठ आहे, कॅपिटल-स्मॉल दोन्ही. स्पेलिंगंही चाल लावून म्हणतात, बी-यू-एस बस, सी-यू-पी कप. पण पाठ न केलेला शब्द पुढे ठेवला की पहिलं अक्षर बघायचं, शेजारचं चित्र बघायचं आणि दिलं ठोकून.

माझं म्हणणं असं की आपण त्यांना वाचायला शिकवतच नाही, अक्षरांची नावं शिकवतो. 'सी' म्हणताना तोंडातून स निघतो, कपमध्ये मात्र तेच अक्षर क होतं. 'एच'मध्ये ह ऐकू येत नाही. 'वाय' म्हणताना व निघतो आणि अक्षर काम करतं य चं. 'डब्ल्यू'बद्दल तर बोलायलाच नको. आता ज्या पोराने नावंच मनापासून पाठ केली, त्याने 'बी-यू-एस' जोडून 'बस' कसं काढावं? बीयूएस असंच निघणार.

म्हणून मी उलट्या टोकाकडून सुरुवात करतो. आधी तोंडातला शब्द, मग त्यातले आवाज, मग ते आवाज कागदावर कसे उतरतात ते. अमेरिकेत १९९०च्या दशकात फोनो-ग्राफिक्स नावाची पद्धत याच तत्त्वावर उभी राहिली, इंग्लंडमध्येही या वाटेने शिकवणारे पुष्कळ आहेत. मूळ कल्पना साधी आहे. इंग्रजी बोलण्यात साधारण ४४ आवाज आहेत (बोलीप्रमाणे थोडं कमी-जास्त), अक्षरं २६. म्हणजे काही आवाज दोन-तीन अक्षरं मिळून लिहावे लागणार, एक आवाज चार तऱ्हांनी लिहिला जाणार आणि एकाच लिखावटीचे दोन आवाज असणार. एवढं पोराला सरळ सांगून टाकायचं. इंग्रजी 'वेडी' भाषा आहे म्हणून हसण्यावारी न्यायचं नाही.

प्रत्यक्षात काय करतो? जमिनीवर खडूने घरं आखतो आणि हातात चिंचोके देतो. 'बस' म्हण. पहिला आवाज काय? ब्. ठेव एक चिंचोका. मग? अ. मग? स्. तीन आवाज, तीन चिंचोके. हे जमल्यावरच चिंचोक्याच्या जागी अक्षराची चिठ्ठी येते, आणि चिठ्ठी ठेवताना नाव घ्यायचं नाही, आवाज काढायचा. मग एकच चिठ्ठी बदलायची. कप–कट–नट–नेट–सेट. दर वेळी विचारायचं, कुठला आवाज बदलला? पहिला, मधला की शेवटचा? मोठ्या पोरांना आधी हे पोरकट वाटतं. 'नट'वरून 'नेट'वर येताना तेच अडतात आणि मग हसणं थांबतं.

कुणी असं काही करत असेल तर लिहा. विरोध असेल तर तोही लिहा.

---

निवृत्त_मास्तर_पारोळा

बोरीकाठ, आम्ही पाचवीला इंग्रजी सुरू केलं आणि स्पेलिंगं घोकूनच शिकलो. आमच्या वर्गातले डॉक्टर झाले, तहसीलदार झाले. २००० साली सरकारने पहिलीपासून इंग्रजी आणलं, तेव्हापासून नवनव्या पद्धती चालू आहेत आणि पोरांचं इंग्रजी आहे तिथेच आहे. पाठांतराला एवढं वाईट का ठरवता?

---

बोरीकाठ

मास्तर, पाठांतर वाईट नाही, पाढे मीही पाठ करून घेतो. पण डॉक्टर झाले ते मोजताना दहावीला इंग्रजीत नापास होऊन जिनिंगवर गेले तेही मोजा. हुशार पोरगं कसंही शिकवा, स्वतःच आवाज आणि अक्षर यांची सांगड घालतं. घोकता घोकता त्याला नियम आपसूक सापडतो. ज्याला सापडत नाही त्याला कुणीतरी उघड करून दाखवायला हवं. हा धागा त्याच्यासाठी आहे.

आणि पाठांतराला मर्यादा पडते. शे-दोनशे शब्द पाठ होतील. आठवीच्या इतिहास-भूगोलात, मोबाईलवर, औषधाच्या बाटलीवर येणारे शब्द पाठ कुठवर करणार?

---

ओटा_आणि_ओसरी

भो, हाऊ धागा कामना शे! मन्हा पोऱ्याले ए-बी-सी-डी तोंडपाठ शे, पन वाचता येत नही.

एक विचारते, मराठीतच विचारते. आमच्याकडे 'ब्याट', 'ब्याग', 'डाक्टर', 'हाटेल' असंच बोलतात. मीही तसंच बोलते. माझ्या उच्चारावर पोरगं शिकलं तर चुकीचंच शिकेल ना?

---

मूळ_चोपडा_मुक्काम_पुणे

ताई, मी भाषाशास्त्र शिकलेय म्हणून मध्ये बोलते. लंडनसारखा उच्चार लागत नाही. लागतो तो फरक. 'ब्याट' म्हणणारं पोरगं 'ब्याट' आणि 'बेट' वेगळं म्हणतं का? म्हणत असेल तर काम झालं. त्याच्या तोंडातला 'ब्या'मधला आवाज म्हणजे ए हे अक्षर, 'बे'मधला म्हणजे ई. प्यान-पेन, ब्याट-बेट-बट, एवढ्या जोड्या ऐकून वेगळ्या ओळखता आल्या की बास. व्ही आणि डब्ल्यू आपण दोन्ही व म्हणतो, त्याने वाचन अडत नाही. लिहिताना कुठला शब्द कुठल्या अक्षराने, ते वेगळं लक्षात ठेवावं लागतं इतकंच.

जिथे आपण नसलेला आवाज घालतो तिथे मात्र लक्ष द्या. 'इस्टंप', 'इस्कूल'. त्या पोराला पहिला आवाज विचारला तर तो 'इ' सांगेल आणि आय लिहील. त्याच्या कानाप्रमाणे ते बरोबर आहे. तिथे आधी तोंडी 'स्स्टंप' घोळवून घ्यायचा, लिहिणं नंतर.

दुसरी गोष्ट शिक्षकांसाठी. देवनागरीत व्यंजनाच्या पोटात अ असतो. त्यामुळे आपण आवाज सुटे सांगतो तेसुद्धा 'ब, अ, स' असे, म्हणजे खरं तर बअ-अ-सअ. पोरगं ते जोडतं आणि 'बअअसअ' होतं. बाहेरच्या देशातल्या शिक्षकांना हा अ गिळायला शिकवावं लागतं. आपल्याकडे त्याची सोय आधीच आहे. पोराला सांगा, पाय मोडलेला ब् म्हण, पाय मोडलेला स् म्हण. त्याला लगेच कळतं.

---

सावदे_स्टेशन

अनुस्वाराबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या केळीपट्ट्यातल्या पोरांना 'पंप' हा शब्द दूध पितानापासून माहीत. पण लिहायला सांगा, दहातले आठ पी-यू-पी लिहितात. मी आधी निष्काळजीपणा समजत होतो. मग विचारलं, पंपमध्ये आवाज किती? उत्तर आलं, दोन. पं आणि प. त्याच्यासाठी टिंब हा वेगळा आवाजच नाही, अक्षराच्या डोक्यावरची खूण आहे. आता मी 'पम्म्म्प' असं ताणतो आणि ओठ मिटलेले दाखवतो. बँडमध्ये जीभ वर लागते, तिथे एन. पंपमध्ये ओठ मिटतात, तिथे एम. आरसा घेऊन बसलो की पोरांना मजा येते.

---

मूळ_चोपडा_मुक्काम_पुणे

सावदे स्टेशन, हे फार नेमकं पकडलंत. जोडाक्षराचंही तसंच. 'ड्रिप' आपल्या पोराला ड्रि-प असा दोन तुकड्यांत ऐकू येतो, कारण त्याची लिपी अक्षराच्या मापाने चालते. संशोधक सोनाली नाग यांनी कन्नड शाळांमधल्या मुलांवर जो अभ्यास केला त्यातही हेच दिसतं, अशा लिप्या शिकणाऱ्या मुलांना अक्षराएवढा तुकडा लवकर जाणवतो आणि सुटा आवाज उशिरा. म्हणजे आपल्या पोरात काही उणं नाही, त्याच्या कानाला दुसऱ्या मापाची सवय आहे.

आणि बाराखडीचा उपयोग करा की! क, का, कि, की, कु, कू यात व्यंजन तेच राहतं आणि स्वर बदलतो. बोरीकाठ यांची नट–नेट साखळी तेच करते. पोरगं बाराखडी म्हणताना मध्येच थांबवून विचारा, 'कि'मधून 'के'मध्ये जाताना काय बदललं, काय तसंच राहिलं?

---

शिरपूर_सेमी_पालक

माझी मुलगी सेमीला आहे. तिच्या शाळेत फोनिक्स शिकवतात, गाणंसुद्धा आहे, ए चा आवाज ॲ, बी चा आवाज ब. मग तुमच्यात नवीन काय? फी तर त्याचीच वेगळी घेतात.

---

बोरीकाठ

नवीन फारसं नाही, दिशा वेगळी आहे. शाळेतलं फोनिक्स बहुतेक वेळा अक्षराकडून निघतं. ए दाखवला, आवाज सांगितला. एका अक्षराचा एक आवाज असा समज पक्का होतो आणि दोन महिन्यांनी 'रोड', 'लाईट', 'टी' (चहा) आले की गाणं कामाला येत नाही. मग 'सायलेंट लेटर', 'अपवाद', 'मॅजिक ई' अशी नावं सुरू होतात.

आवाजाकडून निघालं तर प्रश्नच वेगळा होतो. 'ओ' हा आवाज आपण किती तऱ्हांनी लिहितो? रोड, लोड, कोट यात ओ-ए. नोट, होम, पोल यात ओ आणि शेवटी ई. स्लो, शो यात ओ-डब्ल्यू. कोल्ड्रिंकमधल्या कोल्डमध्ये नुसता ओ. पोरं चिठ्ठ्यांचे ढीग लावतात. आवाज एक, ढीग चार. यात 'ए' सायलेंट नाही आणि 'डब्ल्यू'ही नाही. दोन अक्षरं मिळून एक आवाज दाखवतात, एवढंच.

मग उलटं करायचं. ई-ए दिसलं की कुठले कुठले आवाज असू शकतात? टी (चहा), ब्रेड, ग्रेट. तीन. आधी एक म्हणून बघ, शब्द ओळखीचा वाटला नाही तर दुसरा लाव. हा अंदाज नाही, कारण पर्याय ठरलेले आहेत.

आणि कृपा करून याला अवघड समजू नका. 'चिंच' हा शब्द म्हणून बघा. पहिला च आणि शेवटचा च एकच आहे का? लिहितो एकसारखा. आपलं पोरगं मराठीत हे रोज निभावतं.

---

निवृत्त_मास्तर_पारोळा

चिंच पटली. तरी एक विचारतो, स्पेलिंगचा हा घोळ झाला कसा?

---

मूळ_चोपडा_मुक्काम_पुणे

थोडक्यात सांगते, मास्तर. लॅटिनची लिपी घेतली, तिच्यात इंग्रजीच्या आवाजांना पुरेशी अक्षरं नव्हती. मग फ्रेंच, नॉर्स, ग्रीक शब्द आपापली लिखावट घेऊन आले. कॅक्स्टनने १४७६ला इंग्लंडमध्ये छापखाना काढला, लिखावट हळूहळू ठरून गेली, पण त्याच काळात लोकांच्या तोंडातले दीर्घ स्वर सरकत होते. लिहिणं थांबलं, बोलणं पुढे गेलं. 'नाइफ'मधला के एकेकाळी खरंच म्हणत असत.

---

धडगावची_बाई

सगळं वाचलं. आता माझी अडचण ऐका, कारण तुम्ही सगळे एक गोष्ट गृहीत धरताय.

आवाजाची पद्धत जिथे तयार झाली तिथली मुलं इंग्रजी बोलणारी होती. त्यांच्या तोंडात हजारो शब्द आधीच होते. कागदावरचे आवाज जोडले की 'अरे, हा तर अमुक' असं त्यांना होत असे. माझ्या वर्गातली मुलं घरी पावरी बोलतात. मराठी हीच त्यांना शाळेत भेटलेली दुसरी भाषा. इंग्रजी तिसरी. मी आवाज जोडायला शिकवलं आणि मुलं शिकलीसुद्धा, कोरा शब्द पुढे ठेवला तरी वाचतात. पण त्यांनी काय वाचलं हे त्यांना कळत नाही. पोपट आधी पाठांतराने बोलायचा, आता आवाज जोडून बोलतो.

---

बोरीकाठ

बाई, धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा तुमचा आहे. गॉफ आणि टनमर या दोघा संशोधकांनी १९८६ साली मांडलेलं सूत्र आहे, वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडता येणं गुणिले ती भाषा ऐकून समजणं. बेरीज नाही, गुणाकार. दोन्हीपैकी एक शून्य असलं की उत्तर शून्य. पाठांतरवाल्यांचा पहिला आकडा शून्याजवळ असतो, तुम्ही म्हणता त्या मुलांचा दुसरा.

म्हणून मी शब्द पुस्तकातून घेत नाही, पोरांच्या तोंडातून घेतो. आपल्या बोलण्यात इंग्रजी शब्द इतके मुरलेत की पोराला ते इंग्रजी आहेत हेही माहीत नसतं. माझ्याकडची यादी अशी: बस, कप, पेन, पिन, नट, टब, बॅग, सेट. मग ड्रिप, ट्रक, प्लग, क्लच, ब्रश, पंप, बेल्ट. मग रोड, लोड, नोट, ब्रेक, लाईट, स्प्रे, फिल्टर, स्टार्टर. अर्थ सांगावाच लागत नाही. स्टार्टर म्हणजे काय हे मला त्या पोरांनीच खोलून दाखवलंय.

पहिले काही महिने पोराला माहीत नसलेला एकही शब्द वाचायला देत नाही. आवाज जोडल्यावर तोंडातून ओळखीचा शब्द निघाला की जो चेहरा होतो त्याच्यावर पुढचं सगळं चालतं. नंतर नवे शब्द तोंडी आणायचे, ऐकून, खेळून, वस्तू दाखवून, आणि मगच कागदावर.

---

धडगावची_बाई

हं. हे होण्यासारखं आहे. आमच्याकडे स्टार्टर कमी, पण जीप, पिकअप, टॉर्च, सोलर, टॉवर, नेट, बॅलन्स, पॅक हे सगळ्यांना माहीत. बघते. मात्र एक मत मांडून ठेवते, पटो न पटो. ज्या मुलाला मराठीच वाचता येत नाही त्याच्या मागे इंग्रजीचा हट्ट धरू नये. आधी एक लिपी पक्की होऊ दे. केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान २०२१ला आलं, तेही तिसरीपर्यंत समजून वाचणं यावं असंच म्हणतं. वरून मात्र इंग्रजीचीच विचारणा होते.

---

शिरपूर_सेमी_पालक

बाई, हे मला पटत नाही. इंग्रजी लांबवलं तर आमच्या पोरांनी शहरातल्या पोरांपुढे काय करायचं? दोन्ही बरोबर चालू द्या.

---

मूळ_चोपडा_मुक्काम_पुणे

दोन्ही एकदम चालतं, पण लिखाण नको. इंग्रजी कानाने सुरू करा, गोष्टी, खेळ, सूचना. आवाज वेगळे करण्याचा खेळ तर मराठीतच सुरू करता येतो. 'मीठ' शब्दात आवाज किती? म्, ई, ठ्. तोच कान पुढे इंग्रजीला लागतो. बाईंचा लिपीचा मुद्दा मला बरोबर वाटतो.

---

भुसावळ_लोको

माझा मुलगा सातवीत. तोंडी काहीही विचारा, सांगतो. वाचायला दिलं की घाम फुटतो, मराठीतसुद्धा. शाळेतून 'डिस्लेक्सिया असेल' म्हणाले. सर्टिफिकेट येईपर्यंत थांबू का? घरात यावरून रोज वाद.

---

बोरीकाठ

दादा, थांबू नका. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. नीट ऐकू येत नसलं तर 'पिन' आणि 'पेन' वेगळं कसं करणार? मग तपासणी जरूर करा. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातच येतो) धरलेली आहे आणि बोर्डाच्या परीक्षेत सवलतीही मिळतात, त्यासाठी कागद लागतो. पण कागद सवलत देतो, वाचायला शिकवत नाही. शिकवणं आजपासून सुरू करता येतं. अशा मुलाला वेगळी जादू लागत नाही. हेच, पण जास्त सावकाश, जास्त वेळा, रोज थोडं. तासभर रविवारी बसवण्यापेक्षा रोज पंधरा मिनिटं बरी.

मराठीतही अडत असेल तर सुरुवात मराठीपासूनच करा, चिंचोके तेच.

चुकलं तर 'चूक' म्हणू नका आणि शब्दही सांगून टाकू नका. 'नेट'ला 'नट' म्हणाला तर मधल्या अक्षरावर बोट ठेवा, 'हा आवाज 'बेट'मधला ए, पुन्हा म्हण.' तेवढंच.

---

भुसावळ_लोको

आभारी आहे. आणि तो अंदाजाने वाचतो की खरं वाचतो हे कसं ओळखायचं? मला कळतच नाही.

---

मूळ_चोपडा_मुक्काम_पुणे

बनावट शब्द द्या. 'टिब', 'वेप', 'लॉन्ट' असे. इंग्लंडमध्ये वाचन शिकवण्यावरच्या २००६च्या जिम रोझ यांच्या अहवालानंतर शाळांनी फोनिक्सवर भर दिला आणि २०१२पासून पहिलीतल्या मुलांची ४० शब्दांची तपासणी होते. त्यातले २० खरे, २० बनावट. बनावट शब्द पाठ असूच शकत नाही, म्हणून आवाज जोडता येतात की नाही ते लगेच दिसतं. तिकडे यावर टीकाही आहे, चांगलं वाचणारी मुलं बनावट शब्दाचा ओळखीचा शब्द करून टाकतात वगैरे. पण घरच्या घरी बघायला उत्तम. मुलाला सांगून टाका मात्र, की शब्द खोटे आहेत.

---

सावदे_स्टेशन

आमच्याकडे पोरं बनावट शब्दांना नावं ठेवतात. 'वेप' म्हणजे भुताचं नाव असं ठरलंय.

बोरीकाठ, ओ-डब्ल्यूचा ढीग लावायला घेतला काल. स्लो, शो, विंडो झालं. मग एकाने 'टाऊन' आणला. त्यातही ओ-डब्ल्यू, पण आवाज ओ नाही. कुठे ठेवू?

---

बोरीकाठ

टाकू नका, उलट चांगलं झालं. ओ-डब्ल्यूचे दोन आवाज आहेत, तर त्याच ढिगाचे दोन करा. टाऊनच्या बाजूला 'पावडर' येईल. 'टॉवर'ही तिकडेच, आपण टॉवर म्हणतो ते सोडा, तिकडे टाऊनसारखाच आवाज आहे. पोरांना शोधायला लावा अजून कुठला सापडतो ते. यादी इथे टाका, माझ्याकडेही हवीय.

---

सावदे_स्टेशन

टाकतो. 'ब्राऊन' आत्ताच सापडला, कुत्र्याच्या रंगावरून.